गोदामाच्या भिंतीवरची रेघ

ओळंबाकाकांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, तो म्हणजे तिरकेपणाचा. माणसं तिरकी असली तर चालत, तिरकं बोलली तरीही चालत. पण वस्तू तिरकी दिसली की काकांचे हात शिवशिवायला लागत. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. बँकेत रांगेतला नंबर सोडून सूचनेची पाटी सरळ करायचे आणि मग पुन्हा शेपटाला जाऊन उभे राहायचे. न्हाव्याने तर त्यांच्या धाकाने आरसा चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळून टाकला होता.

लग्नाचं बोलणं करायला म्हणून भावी सासऱ्यांकडे पहिल्यांदा गेले, तेव्हाही तेच. समोर मुलगी बसलेली, आईवडील बसलेले, आणि हे गृहस्थ खुर्चीवर चढून तिच्या आजोबांचा फोटो सरळ करतायत. काकू ही गोष्ट येईल त्याला सांगत. "त्या दिवशी यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आजोबा पसंत पडले, म्हणून माझं लग्न झालं." सगळे हसत, काकूही हसत. पण इतक्या वर्षांत त्या ही गोष्ट सांगायच्या थांबल्या नव्हत्या, यावरून काय ते समजावं.

काकांचा बाप गवंडी. भिंत सरळ चढतेय का ते दोरीला टांगून बघायचा पितळेचा एक ओळंबा, एवढीच त्याची मिळकत पोराच्या वाट्याला आली. पोराला विटा-वाळूत रस नव्हता. तो बंदुकांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला, तिथेच हाताला वळण लागलं, आणि पुढे रीतसर परवाना काढून त्याने घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं दुकान थाटलं. नेमबाजीच्या मैदानावरची मंडळी आपल्या रायफली त्यांच्याकडे आणत, त्या मुख्यतः एका कामासाठी: वर दुर्बीण बसवायची आणि सरळ बसवायची. त्या कामात काका बापाचा ओळंबा वापरत, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

आता ज्याने जन्मात रायफल हातात धरली नाही, त्याला वाटेल की दुर्बीण बसवायची त्यात एवढं काय. दोन कड्यांत नळी ठेवली, स्क्रू पिळले, झालं. काकांसमोर असं कुणी म्हटलं तर ते उत्तर द्यायचे नाहीत, नुसते बघायचे. दुर्बिणीत डोळा लावला की आत एक बारीक फुली दिसते, एक तार उभी आणि एक आडवी. लांबचं निशाण मारायचं तर गोळी वाटेत खाली उतरते, म्हणून दुर्बिणीच्या डोक्यावरची चकती फिरवून नेम वर चढवावा लागतो. उभी तार खरोखर उभी असेल तर नेम सरळ वर चढतो. ती एका बाजूला किंचित कललेली असेल तर नेम वर चढता चढता त्या बाजूलाही सरकतो. जवळच्या निशाणावर यातलं काहीच कळत नाही. सगळं कसं छान, मधोमध. लांब गेलात की गोळी भलतीकडे, आणि मारणारा आपल्या हाताला, वाऱ्याला, नाहीतर नशिबाला दोष देत बसतो.

म्हणून काकांची पद्धत ठरलेली. रायफल टेबलावरच्या वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरायची. तिच्या पाठीवर छोटी पाणसळ ठेवून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिला समपातळीत आणायची. मग दुर्बीण कड्यांत सैल ठेवून मागच्या दारातून गल्लीपलीकडे बघायचं. तिथे एका कागदाच्या गोदामाची लांबच लांब कोरी भिंत होती आणि तिच्यावर एक काळी उभी रेघ. दुर्बिणीतली उभी तार त्या रेघेवर चपखल बसेपर्यंत नळी फिरवायची, आणि मग स्क्रू आवळायचे, तेही एका बाजूचा पूर्ण आणि मग दुसऱ्या बाजूचा असे नाही. आळीपाळीने, थोडे थोडे, कारण स्क्रू पिळताना नळी गुपचूप फिरते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

ती रेघ काकांनीच काढलेली. सुरुवातीला ते दर वेळी गल्ली ओलांडून भिंतीवर ओळंबा टांगत. पण गल्लीत वारा असा की दोरी झुलत राही. मग ओळंब्याचं टोक पाण्याच्या बादलीत सोडायचं, तो शांत होईपर्यंत ताटकळायचं, तेवढ्यात एखादी सायकल येऊन बादली पाडायची. शेवटी एके दिवशी वारा पडलेला बघून त्यांनी गोदामवाल्याची परवानगी घेतली आणि दोरीच्या कडेने रंगाची रेघ ओढून टाकली. ओळंब्याचं काम रेघ करायला लागली आणि ओळंबा टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला जाऊन बसला. काका रिकामे असले की त्याला पुसून चकचकीत करत. वापरत मात्र नसत.

एकदा काका दुसऱ्या गावच्या सामन्यांना मंडळींबरोबर गेले होते. परत आले तर गोदामाची भिंत पांढरीशुभ्र, नवा रंग, आणि त्यावर काळी रेघ जागच्या जागी. काका खूष झाले. रंगाऱ्याने रेघ वाचवून रंग दिला होता. "याला म्हणतात कामाची जाण," असं त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं, आणि त्या रंगाऱ्याला बोलावून आपलं घरही त्याच्याकडूनच रंगवून घेऊ म्हणाले. काकूंनी मान खाली घालून त्यांना आणखी भात वाढला.

त्यानंतरच्या दिवसांत दातवाल्या बाई आपली रायफल घेऊन आल्या. या बाई दातांच्या डॉक्टर, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीत मैदानावर त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. नवी दुर्बीण घेतली होती, निवडीचे सामने जवळ आले होते. काकांनी दुर्बीण नेहमीसारखी बसवली. शेवटचा स्क्रू आवळून मागे सरले आणि रायफलीकडे नजर टाकली, तर काहीतरी खटकलं. दुर्बिणीच्या डोक्यावरची चकती डावीकडे झुकलेली वाटत होती. केसभर, पण वाटत होती. त्यांनी पुन्हा आत डोळा लावला. तार रेघेवर अगदी बरोबर. पाणसळीचा बुडबुडा मधोमध. म्हणजे सगळं ठीक. काकांनी डोळे चोळले आणि रायफल देऊन टाकली.

बाई परत आल्या. जवळ उत्तम, लांब गेलं की डावीकडे, असं त्यांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, उलट आपलाच हात बिघडला असेल असं त्या म्हणत होत्या. काकांनी दुर्बीण उतरवली, कड्या बदलल्या, पाणसळ नवी आणली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तार रेघेवर, आणि पुन्हा तीच चकती डावीकडे झुकलेली. या वेळी रायफल देताना काकांनी डोळे चोळले नाहीत.

कारण ही लक्षणं त्यांच्या ओळखीची होती. काकांची आई म्हातारपणी आंधळी झाली होती. एकदम नाही. एके दिवशी ती पलंगावरून म्हणाली, दाराची चौकट कुणी वाकवली? घरात सगळे हसले. चौकट सरळ होती. मग तिला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले, मग माणसांचे चेहरे मधूनच पुसट व्हायला लागले, आणि शेवटी शेवटी ती लेकाला आवाजावरून ओळखायची. चौकट सरळ आहे हे तिला सगळ्यात मोठ्याने सांगणारे काकाच होते.

आता काकांनाही सगळं कुठेतरी वाकडं वाटायला लागलं होतं. टेबलाजवळ बसून रेघेकडे बघायचे आणि मग दाराच्या चौकटीकडे. दोन्ही जुळत नसत. रेघ तर सरळ होतीच, ती ओळंब्यावरून काढलेली. म्हणजे चौकट वाकडी दिसत होती. म्हणजे डोळा. काका उगाचच ओळंबा पुसायला घ्यायचे. बंदुकांच्या कारागिराचा डोळा गेला तर उरतं काय? दुकान बंद होईल ते वेगळंच, पण आईसारखं पलंगावर बसून कोण आलंय ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचं, हे त्यांना सहन होईना.

खात्री करून घ्यायला म्हणून एकदा त्यांनी काकूंना मागच्या दाराशी बोलावलं आणि आडून आडून विचारलं, ती समोरची रेघ तुला कशी दिसते?

काकूंच्या हातातली गाळणी खाली पडली. ती उचलायला त्या वाकल्या आणि वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "कशी म्हणजे? सुतासारखी सरळ आहे की."

झालं. काकांना उरलासुरला धीर होता तोही गेला. रेघ सरळ, आणि ती सरळ दिसते असं सांगायला घरात चांगल्या डोळ्यांचं माणूसही होतं. त्या दिवसापासून त्यांनी नवं काम घेणं बंद केलं. हात दुखतो म्हणून सांगितलं. घरात ताकास तूर लागू दिली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तर धाडस होईना, कारण जोवर डॉक्टर बोलत नाही तोवर ती गोष्ट खरी नाही, अशी त्यांची आपली समजूत. मोठी माणसंही कधीकधी अशी लहान मुलासारखी वागतात आणि वर त्याला विचार करणं म्हणतात.

एक मात्र त्यांनी सुरू केलं. ते बघायला लागले. आजवर नुसती सरळ आहे की वाकडी एवढंच तपासलेली प्रत्येक वस्तू ते आता नीट बघून ठेवायला लागले. खिडकीतून टेबलावर येणारं ऊन, वाइसच्या दांड्यावर हातांनी घासून आलेली चमक, मागच्या दाराची निखळलेली कडी. आणि सगळ्यात जास्त काकूंना. काकू भाजी चिरत असल्या की काका समोर बसून बघत. काकू पेपर वाचत असल्या की हे दुसरं पान हातात धरून, पानाच्या वरून काकूंकडे. काकूंच्या कपाळावर वाचताना पडणारी आठी, केस मागे सारायची पद्धत, डाव्या बाजूला उतरलेला चष्मा, सगळं पुन्हा पुन्हा. काकूंनी एकदोनदा वर बघून विचारलं, काय हवंय का? काका म्हणाले, काही नाही. काकूंचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत कधी न बघणारा नवरा असा टक लावून बघायला लागला, तर कुठलीही शहाणी बाई घाबरेल. आणि काकूंना तर घाबरायला कारणही होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी दातवाल्या बाई तिसऱ्यांदा आल्या. रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "काका, उद्या मला हीच घेऊन उतरायचंय. मला दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही. काय चुकतंय तेवढं सांगा, माझं असलं तरी सांगा."

ही बाई आपल्या चांगल्या हाताला दोष देत होती आणि काका गप्प बसून तो तिला देऊ देत होते. काकांना स्वतःची लाज वाटली. संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणाले, पायांत चपला सरकवल्या आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. काकांनी आईचं सगळं सांगितलं, चौकटीपासून. डॉक्टरांनी आधी हातात एक कागद दिला. त्यावर बारीक चौकटी आखलेल्या आणि मधे एक ठिपका. एक डोळा झाकायचा, ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूची एखादी रेघ वाकडी, तुटलेली, पुसट दिसते का ते सांगायचं. काका त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिले की डॉक्टरांनी हळूच विचारलं, दिसतंय ना? दिसत होतं. सगळ्या रेघा सरळ होत्या. दुसऱ्या डोळ्यानेही सरळ. मग डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं आणि प्रकाश टाकून आत बघितलं.

मोतीबिंदूची अगदी थोडी सुरुवात आहे, ती या वयात असतेच, जवळचा नंबर बदललाय, बाकी आईला झालं होतं त्यातलं इथे काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांचा विश्वास बसेना. डॉक्टर चांगला माणूस आहे, आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, असं त्यांना वाटलं. कारण आत आल्यापासून एक गोष्ट त्यांना छळत होती आणि ती बोलायची त्यांना भीती वाटत होती. शेवटी त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, समोरचा तो अक्षरांचा तक्ता तुम्हाला कसा दिसतो?"

"कसा म्हणजे?"

"मला तो उजवीकडे उतरलेला दिसतो."

डॉक्टर वळून बघायला लागले. मग उठून जवळ गेले, मग दोन पावलं मागे आले आणि डोकं खाजवलं. "उतरलाय खरा," ते म्हणाले. "खिळा ढिला झालाय. कधीपासून आहे कोण जाणे. रोज इतकी माणसं त्याच्याकडे बघतात, कुणी बोललं नाही."

काकांचा जीव भांड्यात पडला. इतका धाडकन पडला की त्यांना खुर्चीचे हात धरावे लागले. औषधाने आधीच डोळ्यांत पाणी होतं म्हणून बरं, नाहीतर डॉक्टरांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मग ते उठले, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्या मुठीने खिळा ठोकला आणि तक्ता सरळ केला. डॉक्टरांनी स्टूल धरलं.

दवाखान्यातून घरी येताना औषधामुळे उन्हाने डोळे दिपत होते, तरी काका डोळे मिटायला तयार नव्हते. एका दुकानाची पाटी वाकडी होती. बसथांब्याचा खांब मागे कलला होता. एका खिडकीचं दार बिजागरीवरून उतरलेलं होतं. सगळं जिथल्या तिथे खरोखरच वाकडं होतं आणि बाकीचं खरोखरच सरळ. काकांना त्या वाकड्या पाटीचा मुका घ्यावासा वाटला.

घराच्या वळणावर आल्यावर मनात पाल चुकचुकली. डोळा चांगला, तर मग गोळी डावीकडे का जातेय? चकती झुकलेली दिसते ती झुकलेलीच असणार. पाणसळ नवी, कड्या नव्या, हात तोच. सगळं तपासून झालं होतं. एकच गोष्ट तपासली नव्हती, कारण बाकी सगळं तिच्यावरूनच तपासलं जात होतं.

काका दुकानात शिरले, खिळ्यावरचा ओळंबा काढला, बादलीत पाणी घेतलं आणि गल्ली ओलांडली. रेघेच्या वरच्या टोकाला खिळा ठोकून ओळंबा टांगला, टोक बादलीत सोडलं आणि उभे राहिले. दोरी झुलली, मग थोडी कमी झुलली, मग थांबली. वर दोरी रेघेवर होती. खाली रेघ दोरीपासून चांगली तीन बोटं उजवीकडे गेली होती. म्हणजे वर जाताना रेघ डावीकडे झुकत होती. शेजारचा पावसाच्या पाण्याचा पाइपही तितकाच झुकलेला होता. दोघे अगदी एकमेकांना धरून.

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. हातात दोरीवरून काढलेले कपडे, चेहरा पांढराफटक.

मग सगळं बाहेर आलं. रंगाऱ्याने रेघ वाचवली नव्हतीच. काका सामन्यांना गेले असताना तो आला आणि त्याने भिंतीसोबत रेघही रंगवून टाकली. काकूंनी पाहिलं तोवर सगळं पांढरं झालं होतं. आता नवरा येऊन घर डोक्यावर घेणार म्हणून त्यांनी रंगाऱ्याला थांबवलं, काळा रंग आणायला लावला आणि होती तिथेच पुन्हा रेघ ओढायला लावली. सरळ यावी म्हणून शेजारच्या पाइपाला धरून. पाइप काय, सरळच असतो असं त्यांना वाटलं. काका आल्या आल्या सांगणार होत्या. पण काकांनी जेवताना रंगाऱ्याची अशी काही तारीफ सुरू केली की सांगायचं राहून गेलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच.

"मला माहीत होतं तुम्हाला कळलंय," काकू म्हणाल्या. "आता बोला काय बोलायचं ते."

एरवी कपाटाचं दार नीट लागलं नाही तरी तासभर बोलणारे काका दाराच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. काकूंना आधी वाटलं हे रागाचंच काहीतरी नवीन रूप आहे. जगातल्या प्रत्येक भिंतीला नावं ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या रेघेला एकदाही ओळंबा लावून बघितला नव्हता आणि खरं तेच सांगणाऱ्या बिचाऱ्या डोळ्याला खोटं पाडलं होतं. डोळ्यांचा नंबर बदललाय का ते बघायला गेलो होतो, एवढंच काकांनी सांगितलं. आईचं नाव काढलं नाही.

दोघांनी मिळून नवी रेघ काढली. काकांनी दोरी धरली, काकूंनी ब्रश. जुनी रेघ पांढऱ्या रंगाखाली गेली. मग दातवाल्या बाईंची दुर्बीण पुन्हा सैल केली, तार नव्या रेघेवर बसवली, स्क्रू आळीपाळीने आवळले आणि काका मागे सरले. चकती सरळ होती. डोळा आणि रेघ एकच गोष्ट सांगत होते. काकांनी बाईंना फोन करून चूक माझीच होती, तुमच्या हाताची नव्हती, असं स्पष्ट सांगितलं, आणि त्या दिवसांत ज्यांच्या ज्यांच्या दुर्बिणी बसवल्या होत्या त्यांनाही एकेक करून बोलावून घेतलं. जरा वेळ सगळ्यांसमोर ओशाळं व्हावं लागलं. पण आदल्या दिवसापर्यंत जे पोटात घेऊन ते फिरत होते, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर काकूही आल्या. एरवी कधी येत नसत. मागच्या बाकावर थर्मास घेऊन बसल्या, आणि पहिली गोळी सुटली तशी काकांचा दंड धरला तो सोडलाच नाही. जवळचा टप्पा झाला, मग त्यापुढचा. मग बाईंनी दुर्बिणीच्या डोक्यावरची चकती फिरवली आणि सगळ्यात लांबचं निशाण घेतलं. आवाज विरला. बाईंनी बराच वेळ दुर्बिणीतून डोळा काढला नाही. मग आडव्या पडल्या पडल्याच त्यांनी मान वळवून काकांकडे बघितलं आणि हाताने दाखवलं: मधोमध.

काकूंनी दंड सोडला आणि चहा ओतला. दोघांनी तो प्यायला. बाईंची पुढची फेरी सुरू व्हायला अवकाश होता.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या.

"विचार."

"रेघेचं तुम्हाला कालपर्यंत कळलंच नव्हतं. मग इतके दिवस माझ्याकडे असं टक लावून का बघत होतात? मी तर रोज मरत होते."

काका थर्मासचं झाकण लावायला लागले. ते आट्यांवर नीट बसेना. शेवटी झाकण हातातच धरून त्यांनी सांगितलं. "आईचं झालं तसं आपलं होणार असं वाटलं होतं. म्हटलं, दिसतंय तोवर तुला बघून ठेवावं."

काकूंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. तो नेहमीसारखा डावीकडे उतरून बसला.

"मग काय बघून ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

"तुझा चष्मा. डावीकडे उतरलेला असतो. तुझा तो कान जरासा खाली आहे."

"आणि हे मला आज सांगताय? अख्ख्या गावाची कॅलेंडरं सरळ करत फिरलात."

"पहिल्या दिवशीच दिसला होता," काका म्हणाले. "तुझ्या आजोबांच्या फोटोआधी. तुझ्या चष्म्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून फोटो सरळ केला."

"मग नंतर कधी सरळ का नाही केलात?"

काका विचारात पडले. खरंच विचार करावा लागला, कारण हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी घातला नव्हता. "तो वाकडा आहे असं मला कधी वाटलंच नाही," ते म्हणाले.

काकूंचा हात चष्म्याच्या दांडीकडे गेला, तिथे थांबला आणि खाली आला. समोर दातवाल्या बाई पुन्हा रायफलीमागे आडव्या झाल्या होत्या. काकूंनी काकांच्या हातातून झाकण घेतलं आणि थर्मासला नीट बसवलं.